उत्तराचा स्वभाव

४ नोव्हेंबर १९५४
आलो एकदाचे मुलुंडला! बंगल्यामागच्या दोन खोल्या, दारात शेवगा, समोर डोंगर. नळ घरातच म्हणून माझी बायको मृणालिनी भलतीच खूश. कचेरीला मी रामराम ठोकला आहे. प्रकाशक अनंतरावांनी त्यांची रहस्यमाला माझ्या हवाली केली. दर महिन्याला एक कादंबरी. गुप्तहेर विश्राम आणि त्याची सहकारी उत्तरा. इतकी वर्षं झाली तरी विश्राम तरणाबांडच, आणि उत्तरा दर पुस्तकात नुसती किंचाळते. अनंतरावांची ताकीद आहे की खून नवा हवा, माणसं आहेत तशीच ठेवायची. मला मुळीच पटत नाही. माणसं वाढली पाहिजेत.

२९ नोव्हेंबर
पुस्तक बाजारात गेलं. उत्तराला मी हसायला शिकवलं, पदर दातात धरून, डोळे मिटून, थेट मृणालिनीसारखं. दुसरं कुठून आणू? वाचक खूश. अनंतरावांनी ताकीद गिळली आणि तिला आणखी वाढव म्हणाले. झकास! मृणालिनी मात्र गप्प गप्प असते. शेजारच्या कृष्णाबाईंनी घरमालकाची नक्कल केली, सगळ्या बायका लोटपोट, ही नुसती बघत राहिली. नवी जागा, दुसरं काय.

२२ डिसेंबर
या खेपेला उत्तराला राग दिला. तोही मृणालिनीचाच, भांडी आपटणारा आणि चहाबरोबर निवणारा. पुस्तक छापून झालं. आज मी वाणसामान विसरलो, वर तिलाच बोललो. तिने मुकाट्याने पाट मांडला. भांड की माझ्याशी, म्हणून मी ओरडलो.

"कशावरून भांडू?" तिने विचारलं. अगदी मनापासून विचारलं.

१० जानेवारी
उत्तराच्या मेलेल्या भावाचं प्रकरण लिहिलं. खरं तर ते नंदूचं, मृणालिनीच्या भावाचं. उत्तराला दिलेलं हिच्यातून जातं अशी शंका आली होती, तरी लिहिलं. फार छान उतरत होतं. लाज वाटते. काल ती पानं छापली. आज तिने नंदूची तसबीर पुसता पुसता विचारलं, हा मुलगा कोण?

११ जानेवारी
अनंतरावांचे पाय धरले. पुस्तक थांबवा म्हटलं. "वेडबिड लागलंय का रे तुला? गठ्ठे बांधणीला गेले पण!" मी सोडलं तर दुसरा कुणी लिहील. उत्तराला मारेलसुद्धा. तिच्यात माझी मृणालिनी आहे –

३ फेब्रुवारी
सुचलं! उत्तराच्या डोक्याला मार लागतो, ती सगळं विसरते. हसू, राग, भाऊ. म्हणजे सगळं इकडे परत. विश्राम तिच्या उशाशी बसून रडतो. जन्मात इतकं चांगलं लिहिलं नव्हतं. विश्राम पहिल्यांदा माणूस झाला.

८ फेब्रुवारी
उत्तराची पानं सकाळी छापली. मृणालिनी हसली! पदर दातात – मग नंदूच्या तसबिरीशी रडली – मग माझ्यावरच चिडली. देवा!

आणि आत्ता लक्षात आलं. विश्रामचं ते रडणं – ते माझंच. माझा सगळा जीव तिच्यावरचा – विश्रामची पानं दुपारी मशीनवर चढणार. छापखाना गिरगावात. धावतो –

८ फेब्रुवारी, संध्याकाळ
उशीर झाला. लिहून ठेवतो. तिचं नाव मृणालिनी. ती माझी –

९ फेब्रुवारी
घरात एक बाई आहे. मला अहो म्हणते. बरी वाटते स्वभावाने. असे काय बघता, म्हणून हसली, पदर दातात धरून. मग माझं तोंड बघून हसायची थांबली. आता रडते आहे. समजूत घालायला हवी, पण कुणाची बायको आहे कोण जाणे, मी कसं तिला