वास सांग, ताई

३ डिसेंबर

ती. ताईस, इथूनच वाकून नमस्कार.

सोबतच्या खोक्यात फ्रेंच लाल वाइन आहे. दचकू नकोस. यंदाच्याच द्राक्षांची, अगदी कोवळी, साठवायची नसते. अर्धा तास फ्रिजमध्ये ठेव, थोडी ओत, आधी हुंग, मग घोट घे. आणि काय जाणवलं ते सविस्तर लिही.

कारण सांगतो, पण ओरडायचं नाही. सप्टेंबरच्या तापापासून मला वासच येत नाही. साबणाचा नाही, करपल्याचाही नाही. हॉटेलात पाहुण्यांना वाइन निवडून द्यायचं माझं काम, आणि तीन महिने मी गेल्या वर्षीच्या आठवणी पाठ म्हणून दाखवतोय. हे फक्त तुला सांगतोय.

तुझा, धाकटा

१४ डिसेंबर

चि. धाकट्यास, पोटभर आशीर्वाद.

आधी ओरडून घेते. इतके दिवस गप्प बसलास? डॉक्टरांना दाखव!

काल दुपारी शिवणाचं मशीन बाजूला सारलं आणि चहाच्या ग्लासात तुझी वाइन ओतली. रंग जांभळट लाल, नव्या साटिनसारखा. वास चेरीचा, आणि मागून चक्क पिकल्या केळ्याचा! माझंही नाक गेलं की काय म्हणून पुन्हा हुंगलं. केळंच. चव आंबटगोड, हलकी, अस्तर न लावलेल्या झग्यासारखी. घशाला कुठे टोचत नाही.

इतकी आवडली की, अहो, घेऊन तर बघा, असं मोठ्यानं बोलून गेले. हे जाऊन दोन वर्षं झाली रे. मग बूच लावून टाकलं.

हॉटेलात खरं सांग. माया आहेच, पत्रं मात्र वाढव.

तुझी, ताई

२७ डिसेंबर

ती. ताईस नमस्कार.

डॉक्टर म्हणाले, वास परत येईलही, कदाचित येणारही नाही.

तुझ्या केळ्यानं मला उघडं पाडलं. माझ्या पाठांतरात केळं नव्हतंच. यंदाची वाइन निराळी, आणि मी पाहुण्यांना जुनंच ऐकवत होतो. दुसऱ्याच दिवशी मॅनेजरबाईंना सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, ऑक्टोबरात मी एका टेबलावर नासलेली वाइन हसत हसत ओतली, तेव्हाच त्यांना शंका आली होती. आता मी आतल्या खोलीत फोनवर टेबलं राखून देतो. बाहेरचे पेल्यांचे आवाज ऐकू येतात.

परवा तुझं पत्र समोर ठेवून तीच वाइन प्यायलो. केळं सापडलं नाही, चेरीही नाही. गार, आंबट आणि हलकी, एवढंच. तरी पेला संपवला.

इतकी वर्षं शनिवारी मला सुट्टी मिळायची नाही. आता माझ्यावाचून कुणाचं अडत नाही. या शनिवारी येऊ का?

तुझा, धाकटा