पाठ माही, पुस्तक तुहं

दीपमाला,

मी अकोल्याले ताईकडे चाललो. तिथल्या हाडाच्या डॉक्टरले पाठ दाखवतो. बसता येत नाही, म्हणून एसटीत उभ्यानंच जाईन. कंडक्टरनं इचारलं तं सांगतो, बायको योग शिकवते.

दुकानदारानं पाहाले देलेल्या दोन पुस्तकांतलं एक आज वापस करायचं हाये ना? आसनात कोणता स्नायू कुठं ताणते, हे दाखवणारं ठेव. हातानं दाबून आसन सुधारायचं शिकवते, ते वापस कर. हात लावायच्या आधी समोरच्याले इचारा, असं त्याच्यात पयल्याच पानावर लिवलं हाये. तू थेट फोटोवालं पान उघडलं अन् माह्या पाठीवर चढली.

मी "मेलो वं!" म्हणून बोंबललो, तं तू म्हणे, "नाटकं करू नको," अन् अजून दाबलं. तुह्या क्लासात मी रोज खोटंच बोंबलतो, कबूल. बाया हासतात, मले मजा येते. पण काल घरात हासाले कोण होतं? एकडाव माह्या तोंडाकडे तं पाहायचं होतं.

एक्स-रे निघाला का मोबाइलवर पाठवतो. माह्यावर नसन तं त्याच्यावर भरोसा ठेव.

— तुह्या क्लासातला जोकर