गाडीचं पोट आणि माझं

प्रिय मेहुणेबुवा,

नमस्कार. तुमची तब्येत ठणठणीत असणार, असं धरून चालतो. माझी विचारू नका.

काल तुमच्या बाबांच्या डोळ्याची पट्टी काढायची होती. दवाखाना दुपारी बंद होतो, म्हणून सगळे आमच्या नव्या गाडीतून निघालो. ही घेताना शोरूमवाला सारखा ‘ग्राउंड क्लिअरन्स’ म्हणत होता. मला वाटलं, जागेच्या कागदपत्रांची काही भानगड असेल (म्हणून मी ‘ते आमचं कधीच झालंय’ असं ठणकावून सांगितलं). गाडीचं पोट आणि रस्ता यांच्यातलं अंतर म्हणजे ते, हे काल कळलं. दवाखान्याच्या गल्लीच्या तोंडाशी कुणीतरी गतिरोधक म्हणून टेकडीच बांधून ठेवलीय. पुढची चाकं पलीकडे गेली मात्र, खालून असा खर्रर्र आवाज आला की तुमच्या आईंनी दोन्ही पाय सीटवर घेतले. गाडी मागे घेतली, तर मागे हॉर्नचा कल्लोळ.

आधी आई उतरल्या. खर्रर्र! मग बाबांना हात धरून उतरवलं. खर्रर्र! मग तुमची बहीण उतरली आणि तिच्या मागोमाग डिकीतली स्टेपनी (ती बिचारी उगाच उतरली). आत मी एकटा, तरी खर्रर्र! बाबांनी उघड्या डोळ्याने आधी गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि शांतपणे म्हणाले, “जावईबापू, आता उतरण्यासारखं एकच वजन उरलंय.”

मी उतरलो. (गाडी चार बोटं वर आली म्हणे. आईंना वाढवून सांगायची सवय आहे.) “पण चालवणार कोण?” असं मी विचारेपर्यंत तुमची बहीण आत बसलीसुद्धा! रस्ते वाईट म्हणून लग्नापासून जिला मी स्टिअरिंगला हात लावू दिला नाही, तिने सीट पुढे ओढली, आरसा स्वतःपुरता वळवला आणि गाडी अशी तिरकी घातली की एकेक चाक चढलं, एकेक उतरलं. आवाज म्हणून नाही! मघापासून हॉर्न बडवणारा टेम्पोवाला टाळ्या वाजवायला लागला. मी भर रस्त्यात आ वासून उभा.

“कुठे शिकलीस?”

“दादाकडे. तुम्ही ऑफिसला गेलात की.”

दादा म्हणजे तुम्ही! आमच्याकडे चहा पिताना ‘तिला कसली जमतेय गाडी’ असं मी म्हटलं की मान डोलावणारे तुम्ही! बरं, आई-बाबांनाही ठाऊक होतं. पट्टी वेळेत निघाली, बाबांना लख्ख दिसतंय. मला मात्र कालपासून काही सुचत नाही.

आपला (फसवला गेलेला),
तुमच्या बहिणीचा नवरा

ता. क. यापुढे आमच्या घराची पायरी चढू नका.

आणखी ता. क. रविवारी ती आईंकडे जाणार आहे. तेव्हा चढा. ते तिरकं घालणं मला शिकवा. कुणाला कळता कामा नये.

दादा, आता हे मी लिहितेय. पाकीट चिकटवायला माझ्याकडेच दिलंय. तू येऊ नकोस, त्यांना मीच शिकवीन. सध्या त्यांचा मागच्या सीटवर गप्प बसायचा सराव चालू आहे. पत्र पेटीत टाकायला निघालेय. गाडी घेऊन.