कमळ वाकडंच घडवायचं

घनसावंगी,
१२ सप्टेंबर १९७६

प्रिय मच्छिंद्रदादा,

आधी बातमी ऐक, मंग चहा पी. तालुक्याच्या कोर्टावर आपल्याच घरचं कमळ बसलं! सिमेंटचं बिलकुल न्हाई, काळ्या दगडाचं.

कमानीवरची आठही कमळं निजामाच्या काळात आपल्या आजानं घडवलेली, तुला ठाऊकच आहे. मिरगाच्या वाऱ्यात त्यातलं एक पडलं अन् पायरीवर आपटून त्याचा चुरा झाला. श्रावण लागल्यावर इंजिनियरसाहेब आले अन् म्हणाले, सिमेंटचं ओतून घेऊ. आबा असे भडकले! बापाच्या कामात सिमेंट? महिन्याची मुदत मागितली, कंपास लावून सोळा पाकळ्या घडवल्या, सगळ्या बराबर. जमिनीवर बघावं तर दृष्ट लागेल असं फूल. दोरानं वर चढवलं तर पार चपटं दिसायला लागलं. वकील हसले. साहेबांनी आठच दिवस वाढवून दिले. आबा घरी आले ते भिंतीकडं तोंड करून पडून राहिले, जेवलेही न्हाईत. मला असा संताप आला म्हणून सांगू!

सकाळी वाटूरला जात्यांना टाकी लावायला जायचं होतं, ते सोडून मी कोर्टात गेले. शिपायाशी भांडून शिडी मिळवली, पदर खोचला अन् आजाच्या एका कमळाला सुतळी लावून मोजलं. अगं बाई! वरच्या पाकळ्या खालच्यांपेक्षा चांगल्या बोटभर लांब. खालून बघणाऱ्याला बराबर दिसाव्यात म्हणून आजानं मुद्दाम वाकडं घडवलेलं. आबांना सांगितलं तर आधी माझ्यावरच खेकसले. मंग स्वतः शिडी चढून मोजलं. दुष्काळात खडी फोडून हात थकलेत त्यांचे, पहिल्या फुलालाच महिना लागला, म्हणून खाली उतरून म्हणाले, आता तूच घडव. रात्रीचा दिवस करून मुदतीत घडवलं. जुन्याशी रंग जुळावा म्हणून तेल-काजळी चोळली.

परवा बसवलं. साहेबांनी आबांना शाबासकी दिली, तर आबांनी भर कोर्टात सांगितलं, हे माझ्या पोरीचं काम. दादा, मी तिथंच रडले.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसले ते सांगते. घरी आल्यावर आबांनी आजाच्या छिन्न्या अन् हातोडा माझ्या हवाली केला. आपल्यात हत्यारं थोरल्या मुलाची, दसऱ्याला पूजाही त्यानंच करायची. तू गिरणीत लागलास तरी हक्क तुझाच. पण या दसऱ्याला पूजेला मी बसणार आहे. रुसू नकोस. वहिनीला घेऊन ये. येताना आधी कोर्टापाशी उतर, मान वर करून आठही कमळं नीट बघ. त्यातलं माझं कोणतं ते ओळखलंस, तर हत्यारं खुशाल घेऊन जा.

तुझीच भांडखोर बहीण,
बेबीनंदा