बंदुकीचं माहेर

पालम,
मार्गशीर्षातला सोमवार

प्रिय दाजी,

शरणार्थ. सकाळची लिंगपूजा उरकून, दुकान उघडायच्या आधी लिहायला बसलो आहे. तुम्ही म्हणाल, खिशात मोबाइल असताना ह्या शिवकांतला पत्राचं काय खूळ. पण फोनवर तुमचा आवाज आला की मी जेवण झालं का, कापूस वेचून झाला का, एवढंच विचारतो आणि ठेवून देतो. बहिणीच्या नवऱ्यापुढं मान खाली घालून बोलायची सवय लागली, ती मोडत नाही. शाळेत आपण एका बाकावर बसायचो तेव्हा मी तुम्हाला कल्या म्हणायचो आणि तुम्ही मला शिव्या. गुरुजींना वाटायचं, हा पोरगा शिव्याच देतोय. मग ईश्वरीला तुमच्या नावाची हळद लागली आणि आईनं मला बाजूला घेऊन बजावलं, "आता कल्याबिल्या बंद. दाजी हाय त्यो तुजा. अहोजाहो करायचं." आई गेली, पण तिचा हुकूम मी आजवर पाळत आलो.

परवा तुमच्याकडं येऊन गेलो, तेव्हापासून एक गोष्ट मनातून जात नाही. खंडेनवमीला तुम्ही दुनळी बंदूक देवघरात पूजेला ठेवता, हे मला माहीत आहे. पण दसरा झाला, दिवाळीही झाली, तरी ती तिथंच, महादेवाच्या शेजारी भिंतीला टेकून उभी. झेंडूची माळ तिच्यावरच वाळलेली. काडतुसांचा डबाही तिथंच, कापराच्या डबीजवळ. मी ईश्वरीला हळूच विचारलं, तर ती म्हणाली, "देवापाशी हाय की अण्णा. तितं कोन हात लावायलंय?" रोज सकाळी ती महादेवाला बेल वाहते आणि बंदुकीलाही हळदकुंकू वाहते. देवावर माझी श्रद्धा कमी नाही, दाजी. पण आपल्याकडं देवघराला कुलूप नसतं. देवाला कोंडायचं नाही म्हणून आपण ते कधी लावतच नाही. बंदूक देवाजवळ ठेवली म्हणजे सांभाळून ठेवली, असं सगळं घर समजून बसलं आहे, आणि खरं तर घरातली सगळ्यात उघडी जागा तीच आहे.

हे मी तुम्हाला सांगावं, याचंच मला नवल वाटतं. फौजेतून आल्यावर तुम्ही ही बंदूक घेऊन मानवतला बँकेच्या दारात उभे राहायचा. घरी आलात की चहाच्या आधी ती रिकामी आहे की नाही बघायची, लोखंडी कपाटात ठेवून कुलूप लावायचं, काडतुसं दुसऱ्या खोलीतल्या पेटीत, तिची किल्ली वेगळी. मी एकदा हसलो होतो, घरात तुम्ही दोघंच, एवढी राखण कशाला? तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "घरच्यांसाठीच कुलूप असतंय. चोरासाठी मी हाय की."

आणि निवडणूक लागली, परवानावाल्यांनी बंदुका ठाण्यात जमा करा असा आदेश आला, की तुम्ही गोधडीच्या खोळीत गुंडाळून ती नेऊन द्यायचा आणि येताना माझ्या दुकानी थांबायचा. "आमची दुसरी बायकू गेली बगा माहेरी. आता महिनाभर लय निवांत." ईश्वरीही हसायची. म्हणायची, "जाऊ द्या की, पुन्ना आनूच नका सवतीला." बंदूक घरात नाही म्हणून तुमचा मान कमी झाला, असं त्या दिवसांत कुणाला वाटलं नाही. तुम्हालाही नाही.

मी इथल्या ठाण्यात सहज विचारून आलो, नाव न घेता. हवालदार म्हणाला, "निवडणूक नसली तरी ठेवतो की. अर्ज द्या, पावती घ्या, पायजे तवा न्या." मला माझ्याकडं ठेवता आली असती तर ठेवली असती, पण परवाना तुमच्या नावावर, म्हणून ते चालत नाही. संक्रांतीला तुमची धनश्री लेकीला घेऊन माहेरपणाला येणार. पोरगी आता धरून धरून चालते, देवघरातली घंटी ओढते. तेवढ्यासाठी तरी बंदूक ठाण्यात देऊ, असं लिहायचं मी ठरवलं होतं आणि पत्र इथंच संपवणार होतो.

पण ते निमित्त झालं. नातीचं नाव पुढं करून तुझ्याशी खोटं बोलवत नाही. हो, तुझ्याशी. आईची माफी मागून आज अहोजाहो सोडतो, कारण हे दाजीला सांगता येत नाही, कल्याला सांगता येतं. बँकेनं कॅमेरे बसवले, तुला घरी बसवलं, तेव्हापासून तू पारावर जात नाहीस. परवा तुझी दाढी वाढलेली होती. आपण जन्मभर उतरवत नाही ते गळ्यातलं लिंग काढून खुंटीला लावलेलं होतं. कशालाच तुझा हात लागलेला दिसला नाही, बंदूक तेवढी पुसून लख्ख होती. आणि मला सोडायला फाट्यावर आलास तेव्हा विचारलंस, "शिव्या, ईश्वरीला तुज्याकडं करमंल का रे?" इतक्या वर्षांनी शिव्या म्हणालास. एसटी आली, मी चढलो, आणि खिडकीत बसल्यावर मला कळलं तू काय विचारलंस. मी लगेच ईश्वरीला फोन केला. बंदूक कपाटात गेली आहे, किल्ली तिच्या कनवटीला आहे, काडतुसं तुझ्याच पेटीत, कुलपात आहेत. गावात कुणाला कळलेलं नाही. तिच्यावर रागवू नको, सांगणारा मी आहे. हे पत्र टपालात टाकणार नाही. आज दुपारच्या एसटीनं मीच घेऊन येतो, आणि तू वाचून होईपर्यंत ओसरीवर बसतो. मग दोघं मिळून बंदुकीला तिच्या माहेरी, ठाण्यात पोचवू. परत कधी आणायची, आणायची की नाही, ते बरा झालास की तूच ठरव. उद्या परभणीला मनाच्या डॉक्टरकडं जाऊ. तिथं बाहेर बाक असतो, मी शेजारी बसेन, आपल्याला सवय आहे. आणि तुझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं होतं, ते देतो. नाही करमणार. ईश्वरीला माझ्याकडं नाही करमणार, आणि तुझ्याविना मलाही नाही.

ओसरीवर बसलेला,
तुझाच
शिव्या