आप्पांनी विचारलं तेव्हा

रविवार, संध्याकाळ

आज आप्पांनी विचारलंच. मी बाप्तिस्मा घेतला तेव्हापासून लोधीपुऱ्यातल्या माहेरच्या घराचं दार त्यांनी मला बंद केलं होतं. आता आई नाही, शुगरनं त्यांची नजर गेली, म्हणून मी जाते. बोलणं फक्त गोळ्यांचं आणि जेवणाचं. आज प्रार्थनेहून थेट गेले, तर म्हणाले, “बेटा, तुला तिथं असं काय दिसलं?”

इतकी वर्षं उत्तर पाठ करून ठेवलं होतं. येशूनं आंधळ्याला दृष्टी दिली, ते वचनसुद्धा. ऐनवेळी काही आठवेना.

“हे वारले तेव्हा मी तापीत जीव द्यायला निघाले होते, आप्पा. वाटेत चर्चमध्ये प्रार्थना चालू होती, तिथं जाऊन बसले आणि वाटलं, देवाला मी हवी आहे. पुन्हा जगावंसं वाटलं.”

“मला का नाही सांगितलं?”

“तुम्ही विचारलं नाही.”

असं बोलायला नको होतं का? काय दिसलं, एवढाच तर प्रश्न. त्यांनी आधी विचारायचा होता. की मीच न विचारता सांगायचं होतं?

मग त्यांनी माझा चेहरा चाचपला. “केस पिकले का गं तुझे?”

“पिकले, आप्पा.”