पाटीवरचं लिहिणं

कळंब

मुबीन,

तू जाऊन चाळीस दिवस झालं. कार्टूनमधल्या राक्षसांना आवाज देणारा आपल्या गावचा कलाकार गेला, म्हणून वालचंदनगरात शोकसभा झाली. मोठी बहीण म्हणून मला बोलायला सांगितलं. मी उठले न्हाय. राक्षसांचा तो घोगरा, अडखळता आवाज माझाच हाय, हे पहिल्याच वाक्याला सगळ्यांना कळलं असतं.

माझी नक्कल करून तू नाव कमावलंस. हितं माझ्या शिलाईच्या दुकानापुढं पोरं ओरडायची, "राक्षसीण, बोल की!"

गळ्याच्या ऑपरेशनात तुझा आवाज गेला, तवा मुंबईहून एकटाच माझ्याकडं आलास. पाटीवर लिहिलंस, "आपा, माफ कर."

मी म्हटलं, "तोंडानं म्हण."

तू तोंड उघडलंस. नुसती हवा आली.

"ऐकू न्हाय आलं. परत म्हण."

तिसऱ्यांदा म्हणताना तुझ्या डोळ्यांत पाणी आलं, तवा मी मशीन चालू केली.

काल तुझी बायको अफशीन रडत विचारत व्हती, "आपा, जाताना त्यांनी माझ्यासाठी काही लिहिलं का?"

हितं माझ्याच घरी तू गेलास, त्या सकाळी तिच्यासाठी पाटीभर लिहिलं व्हतंस. मी म्हटलं, "न्हाय गं, काहीच न्हाय."

तुझी सख्खी आपा,
शाहीन